नव्या गोळीचे पहिले सहा आठवडे

चिंता आणि उदासीवर डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळी लिहून दिली की मेडिकलमधून घरी येईपर्यंत मनात दोन विचार झोंबत असतात. आज रात्रीच बरं वाटेल, हा एक. आणि आता ही जन्मभर मागे लागणार, हा दुसरा. दोन्ही धरून बसू नयेत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा त्रास पहिल्या काही दिवसांतच जाणवतो. गुण दिसायला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात आणि पुरता अंदाज यायला 6 ते 8. त्रास आधी, आराम नंतर, अशा या मधल्या पट्ट्यात अनेकजण गोळी सोडतात. मीही पहिल्या खेपेला नवव्या दिवशी सोडली होती.

दुसऱ्या खेपेला जे नीट केलं, ते इथे क्रमाने देत आहे. त्यामागचं सूत्र एकच. गोळी लागू पडते की नाही हे ठरवायला निघालेलं मन सध्या स्वतःच आजारी असतं. म्हणून निकाल त्याच्यावर सोपवू नका. वही, घरातलं एक माणूस आणि डॉक्टर या तिघांवर सोपवा.

साहित्य: छोटी वही, मोबाइलचा गजर, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि विश्वासातलं एक माणूस.

1. डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वी

औषधांची यादी दाखवा. अंगदुखीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, काढे आणि चूर्णंही त्यात धरा. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, अर्धशिशीवरच्या काही गोळ्या आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध यांची या गोळ्यांशी गाठ पडली तर शरीरातलं सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं सोबत असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हृदयाचा आजार, गर्भारपण, बाळाला अंगावर पाजणं, दारूची सवय यांतलं काही असेल तर लपवू नका. पूर्वी कधी दिवसेंदिवस झोप न घेताही उत्साह उतू जात होता, पैसे उधळले होते, किंवा घरात कुणाला बायपोलर आजार आहे, तर ते आवर्जून सांगा. अशा व्यक्तीला नुसती ही गोळी दिल्यास उन्माद उसळू शकतो.

तीन प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्या: गोळी सकाळी की रात्री? त्रास झाला तर फोन कुणाला? पुढची भेट कधी?

2. पाकीट वाचा

ठळक अक्षरांतलं नाव कंपनीचं असतं. औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम बारीक अक्षरांत असतात. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर हे दोन्ही चिठ्ठीशी ताडून बघा.

आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीतही मिळतात. ही दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं आहेत. क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, पेंग आणतं, आणि रोज घेत राहिल्यास त्याची सवय लागते. सुरुवातीचे दिवस निभावून नेण्यासाठी डॉक्टर ते थोड्या काळापुरतं देतात. तुमच्या गोळीत ते असेल तर ते कधी आणि कसं कमी करायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. ते चालू असताना दारूला हात लावू नका आणि पेंग येत असेल तर गाडी चालवू नका.

3. पहिली गोळी

चिंतेचा त्रास असलेल्यांना बरेचदा छोट्या डोसने सुरुवात करतात: एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालिन 25 मिलिग्रॅम. डोस कमी आहे म्हणून आपल्या मनाने वाढवू नका. शरीराला सवय व्हावी म्हणूनच तो कमी ठेवलेला असतो.

गोळीची वेळ रोजच्या एखाद्या सवयीला बांधा. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. उपवासाच्या दिवशी केळं-दूध घेऊन घ्या, पण गाळू नका. रोजे असतील तर इफ्तार किंवा सहरीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. झोप उडत असेल तर गोळी सकाळी आणि पेंग येत असेल तर रात्री, हा बदलही त्यांना विचारून करा.

गोळी विसरलात आणि त्याच दिवशी आठवली, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली, तर नेहमीची एकच घ्या. दोन एकदम कधीच नाहीत.

4. पहिले 14 दिवस: वही

रोज रात्री पाच नोंदी करा: झोप किती तास, चिंता 0 ते 10 मध्ये किती, उदासी किती, शरीराचा त्रास कोणता आणि दिवसभरात केलेलं एक काम. दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत. दर तासाला नाडी बघत बसलात तर चिंतेलाच खतपाणी मिळतं.

मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, तोंडाला कोरड, घाम, जांभया, चित्रविचित्र स्वप्नं हे त्रास सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. थोडं थोडं खा, पाणी प्या, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा.

सगळ्यांत घाबरवतो तो त्रास म्हणजे सुरुवातीला चिंताच वाढणं. सातव्या पहाटे 4 वाजता छाती धडधडत मी उठून बसलो होतो. पहिल्या खेपेला अशाच धडधडीला आजार बळावला असं समजून मी गोळी टाकली होती. या वेळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस वाढवणं आठवडाभर पुढे ढकललं. सातव्या दिवसाच्या पानावर चिंतेचा आकडा 8 आहे, बाराव्या दिवशी 6.

एक त्रास लोक सांगतच नाहीत. कामेच्छा कमी होते किंवा सुख मिळायला फार वेळ लागतो. हा आपोआप जाईलच असं नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय त्यांच्याकडे असतात. गुपचूप गोळी बंद करण्यापेक्षा ते दोन मिनिटांचं अवघडलेपण बरं.

5. इथे वाट बघू नका

पुढचं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

- आत्महत्येचे विचार येणं किंवा वाढणं. एका जागी बसवणार नाही अशी तळमळ. 25 वर्षांखालच्यांत सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलण्याचे दिवस विशेष जपायचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी दिलेला ठळक इशारा 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. अशा वेळी गोळ्यांचा साठा घरातल्यांनी आपल्या ताब्यात ठेवावा.
- झोप नसूनही अफाट उत्साह, अखंड बोलणं, अविचारी खर्च.
- ताप, थरथर, स्नायू ताठरणं, बरळणं हे एकत्र येणं. इथे थेट इस्पितळ गाठा.
- अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास. इथेही थेट इस्पितळ.
- ज्येष्ठांमध्ये अचानक गोंधळलेपण किंवा तोल जाणं. रक्तातलं सोडियम उतरल्याची ती खूण असू शकते.

टेली मानसचा 14416 हा सरकारी, मोफत क्रमांक 24 तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर 112.

6. घरातलं एक माणूस

सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एकाला सांगाच. त्या माणसाला एवढं सांगा: सुरुवातीला मला जास्त त्रास होईल, गोळी घेतली का हे रोज एकदाच विचार, आणि मी वेगळा वागतोय असं वाटलं तर डॉक्टरांना तू फोन कर. सुधारणा बरेचदा आपल्याआधी घरच्यांना दिसते. ‘मन खंबीर कर, गोळ्या कशाला’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. ‘सहा आठवडे घ्यायचं डॉक्टरांशी ठरलं आहे,’ एवढं पुरे.

7. तिसरा ते सहावा आठवडा

आता रोजचा आकडा सोडा आणि आठवड्याची सरासरी काढा. बहुधा झोप, भूक, चिडचिड आधी सुधारतात आणि उमेद मागून येते. एखादा वाईट दिवस आला म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. जमेल तेवढं चाला. समुपदेशन चालू असेल तर ते थांबवू नका.

चौथ्या आठवड्यातही काहीच फरक नसेल तर वही घेऊन जा. डोस वाढवायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण साधारण एक तृतीयांश होते. औषध बदलावं लागलं तर तो तुमचा पराभव नव्हे.

8. बरं वाटू लागल्यावर

गोळी सोडण्याचा मोह याच दिवसांत सर्वांत मोठा असतो. बरं वाटू लागल्यावरही साधारण किमान 6 महिने गोळी चालू ठेवतात, आजार उलटलेला असेल तर त्याहून जास्त. एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

शेवटच्या 7 गोळ्या उरल्या की नवं पाकीट आणा. गणपतीला गावी जाताना गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा.

माझ्या वहीत तेविसाव्या दिवशी चिंता 5, उदासी 5 आहे. कुणाला दाखवावेत असे हे आकडे नाहीत. पण ‘केलेलं काम’ यापुढे लिहिलंय: भाजी आणली, एकेक भेंडी शेंडा मोडून निवडून घेतली. त्याआधी कित्येक महिने भाजीवाल्याने दिली तशी पिशवीत भरून मी घरी येत होतो.