न दिसणारी जखम

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारची सहावी 'पूना डिव्हिजन' मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. तीत मराठा पलटणींचे जवानही होते. टायग्रिस नदीच्या वळणावरील कूट या गावी डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांनी या सैन्याला वेढा घातला. जवळजवळ पाच महिने मदत पोहोचेना. धान्य संपत आले, तेव्हा घोडे कापावे लागले. पण धर्म बुडेल या भीतीने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. अखेर 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 माणसे शत्रूच्या कैदेत गेली. त्यांतील पुष्कळ जण परतलेच नाहीत.

युद्धात ज्यांचा हात वा पाय गेला, त्यांची जखम सर्वांना दिसे. अशा सैनिकांना एखादे कसब शिकता यावे म्हणून 1917 साली क्वीन मेरी यांच्या नावाची शाळा निघाली. ती आज खडकीला आहे.

आता लोहगडाच्या पायथ्याच्या एखाद्या खेड्यातील शिपायाची कल्पना करा. अंगावर ओरखडा नाही. लोणावळ्याला तो आगगाडीतून उतरला, तेव्हा घरच्यांना वाटले, मुलगा गेला तसाच परत आला. परंतु मृगाचा पहिला गडगडाट विसापूरच्या कड्यावर आदळला, की तो भरल्या ताटावरून उठे आणि भिंतीशी अंग चोरून बसे. घरात भाताची कणगी भरलेली असे. तरीही उशाखाली भाकरीचा तुकडा असल्यावाचून त्याला झोप येत नसे. शेजारी म्हणत, "पोराला बाहेरची बाधा झाली." म्हातारी आई मात्र काही न बोलता रोज रात्री भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवी. देवऋषाच्या अंगाऱ्यापेक्षा तिचे हे करणे कितीतरी शहाणपणाचे!

अशा दुखण्यासाठी चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने 1915 सालच्या एका लेखात 'शेलशॉक' हे नाव वापरले. तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदू हादरतो, असा तेव्हा समज होता. पण ज्यांच्या जवळपासही गोळा पडला नव्हता, असे शिपाईदेखील थरथरू लागले, तेव्हा तो समज टिकेना. काही सेनाधिकाऱ्यांनी तर या आजाऱ्यांना भेकड ठरविले. याहून मोठा अन्याय कोणता? फार काळ मरणाच्या छायेत राहिलेल्या माणसाचे मन संकट सरल्यावरही पहारा सोडीत नाही, एवढेच खरे. 1980 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या विकाराची आपल्या अधिकृत यादीत नोंद केली. आता उपचार करताना तज्ज्ञ रुग्णाला ती आठवण सुरक्षित जागी, थोडी थोडी, बोलून दाखवू देतात.

कूटहून परतलेल्या शिपायाला गावाने बहुधा लढाईच विचारली असेल. भुकेची गोष्ट, भाताने भरलेल्या त्या घरात, तो सांगणार तरी कोणाला?