आउटपुट पुन्हा उडाले

एकच अ‍ॅम्प्लिफायर चार महिन्यांत तिसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हा मी समोरच्या पोराला फटकन म्हणालो, "तू फार जोरात वाजवतोस." तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. उलटून बोलला नाही. "काका, एकदा नीट बघा ना," एवढंच म्हणाला. ते 'नीट' मला झोंबलं.

पहिल्या खेपेला लक्षण सरळ होतं. फ्यूज गेलेला, आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून ५२००-१९४३ची नवी जोडी आणली, अभ्रक बदललं, पेस्ट लावली, माझ्या टेबलावरच्या ८ ओहमच्या स्पीकरवर दहा मिनिटं वाजवून पाहिला आणि दिला. जाताना पोरगा म्हणाला होता, "स्पीकरची कॉर्ड हलली की कधीकधी खर्रकन होतं." मी "बरं" म्हणालो आणि विसरलो. त्यानं फक्त हेड आणलं होतं. स्पीकरचा खोका आणि मधली कॉर्ड घरी. म्हणजे ज्या गोष्टीची तो तक्रार करत होता, ती माझ्या टेबलावर आलीच नव्हती.

दीड महिन्यानं नवी जोडी उडाली. या जोडीच्या नकला बाजारात ढिगानं मिळतात, त्यामुळे दुकानदारावर संशय घेणं सोयीचं जातं. मीही घेतला. दुसरीकडून महाग जोडी आणली. तीही गेली.

तिसऱ्या खेपेला हेड, खोका, कॉर्ड, सगळं मागवलं. मीटर बीपवर ठेवून कॉर्ड जॅकपाशी वाकवली आणि मीटर वाजला. पाव इंची जॅकच्या टोपणाखाली तारेचा एक केस सुटून शेजारच्या टोकाला टेकत होता. चालू कार्यक्रमात असा शॉर्ट झाला की आउटपुटला मरायला क्षण पुरतो. चोर सापडला म्हणून मी चहा मागवला.

तिथेच थांबलो असतो तर चौथी खेप ठरलेली होती. पण दोनदा तोंडघशी पडलो होतो, म्हणून नवी जोडी बसवल्यावर या वेळी पेटी पूर्ण बंद केली आणि डमी लोडवर गाणी लावली. एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरला वायरी जोडून बाहेर काढल्या होत्या. मधूनमधून आवाज बंद करून मिलिव्होल्ट पाहायचे. सुरुवातीला ९, म्हणजे साधारण ४१ मिलिअँपिअर, ठीक. दहा मिनिटांनी १४. वीस मिनिटांनी २५, आणि गाणं बंद असतानाही आकडा उतरायच्या ऐवजी चढतच होता. धावत जाऊन स्विच बंद केला.

पेटी उघडली. बायसचा बीडी १३९ हवेत लोंबत होता. तो हीटसिंकला स्क्रूनं चिकटून असायला हवा, कारण आउटपुट किती तापले हे त्याला तिथूनच कळतं. ट्रान्झिस्टर जसा तापतो तसा त्याला उघडायला लागणारा व्होल्टेज अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतो. बायस त्याच मापात खाली आला नाही, तर करंट वाढतो, करंटनं उष्णता वाढते, उष्णतेनं पुन्हा करंट. माझ्या टेबलावर हे कधी दिसलंच नाही. तिथे पेटी उघडी, डोक्यावर पंखा आणि तपासणी दहा मिनिटांची. मांडवात बंद पेटी आणि तीन तासांचा कार्यक्रम. आणि तो स्क्रू पहिल्या खेपेला मीच काढला होता. टेबलावरच्या डबीत सापडला.

दुसऱ्यांदा जोडी कॉर्डनं गेली की माझ्यामुळे, हे आजही सांगता येणार नाही. मेलेले ट्रान्झिस्टर आणि जळके रेझिस्टर मी कचऱ्यात टाकले होते, कुठेही काही लिहून ठेवलं नव्हतं. आता प्रत्येक कामाचे मेलेले पार्ट चिठ्ठीसकट पाकिटात राहतात. परत आलेल्या पेटीच्या बाबतीत मी आधी स्वतःच्याच कामावर संशय घेतो: मागच्या वेळी काय काय सोडलं, काय हलवलं. मग गिऱ्हाइकाला विचारतो, किती वेळानं गेला, तेव्हा काय काय जोडलं होतं, दुसरा खोका लावला होता का. ८ ओहमचे दोन खोके पॅरलल लावले की ४ होतात, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

आउटपुट बदलताना ड्रायव्हर आणि एमिटरचे रेझिस्टर मोजायचेच. पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब पेटून तसाच राहिला तर पार्ट वाचले, पुन्हा शोधायला बसा. हात घालण्याआधी मोठे कपॅसिटर रेझिस्टरनं डिस्चार्ज करा. प्लग काढला म्हणजे झालं असं नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर ४०० व्होल्टच्या वर साठलेले असतात. तिथेही गोष्ट हीच. ईएल ३४ लालबुंद झाला म्हणून नवा घालतात, पण कपलिंग कपॅसिटर गळत असेल तर ग्रिडचा व्होल्टेज वर चढतो आणि नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेनं जातो.

पोराकडून त्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. कॉर्डचे मात्र घेतले.