उत्सवाचा दिवस आणि शोकाचे स्मरण

१५ ऑगस्ट हा स्वातंत्र्याचा मंगल दिवस होय. परंतु १९४७ च्या फाळणीत सुमारे दीड कोटी माणसे बेघर झाली, लक्षावधी मारली गेली. ज्यांच्या घरी ती जखम अजून ओली आहे, त्या गृहस्थाने हा दिवस कोणत्या बुद्धीने पाळावा?

महात्मा गांधींचे आचरण येथे मार्गदर्शक ठरते. दिल्लीत समारंभ चालू असता ते कलकत्त्यास बेलियाघाटा येथे होते. उपवास, प्रार्थना व सूतकताई यांत त्यांनी तो दिवस घालविला. महिनाअखेरीस दंगा पुन्हा उसळला, तेव्हा १ सप्टेंबरला त्यांनी उपोषण आरंभिले आणि शांततेची हमी मिळाल्यावर ४ तारखेस ते सोडले.

गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे त्यांच्या सायंप्रार्थनेत नित्य म्हटली जात. समत्व म्हणजे दुःखाचे विस्मरण नव्हे. सुखाने उन्मत्त न होणे व शोकाने द्वेषाच्या अधीन न होणे, हेच समत्व.

१४ ऑगस्ट हा दिवस २०२१ पासून फाळणीच्या यातनांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सर्वधर्मीय मृतांचे स्मरण करावे, एक वेळचे अन्न निराश्रितास द्यावे. मुलांना पूर्वजांचे हाल सांगताना, ज्या परधर्मीय शेजाऱ्यांनी कोणास आसरा दिला असेल, त्यांचेही उपकार सांगावे. मग दुसऱ्या दिवशी ध्वजास वंदन करताना मन निर्मळ राहील. तिथीला अर्थ येतो तो त्या दिवशी केलेल्या कर्तव्याने.