आधी नीट ऐक, मग मेकॅनिकला बोलव

अगं, टीव्ही बदलायची घाई करू नकोस. दुरुस्तीवाल्याने सेट न उघडताच ‘बोर्ड गेलाय’ म्हणून सांगितलं, आणि तुम्ही दोघं लगेच एम. जी. रोडला नवीन टीव्ही बघायला निघालात! सासूबाईंचं त्या घुंघुं आवाजाने डोकं उठतं, हे मला कळतं. पण आवाज टीव्हीचाच आहे, हे आधी ठरव तरी.

आज रात्री मालिका लागली की रिमोटने आवाज पूर्ण बंद कर आणि कान सेटच्या मागच्या बाजूला ने. घुंघुं तशीच चालू राहिली, तर ती स्पीकरमधून येत नाहीये, आतल्या पॉवर सप्लायमधून येतेय. मग सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा उजेड कमी-जास्त करून बघ. काही एलईडी सेटमध्ये उजेड कमी केला की मागचे दिवे फार वेगाने चालू-बंद होतात आणि त्याचाच आवाज येतो. उजेड पूर्ण वाढवला की तो जातो. तिवंध्याच्या वाड्यातला आपला जुना टीव्ही आठवतो? शेजारच्या खोलीतून बारीक ‘ई’ ऐकून आपण सांगायचो, टीव्ही चालू आहे म्हणून, आणि आजीला काहीच ऐकू यायचं नाही. सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येकाच्या 625 रेषा, म्हणजे 15,625 हर्ट्झचा सूर. वय झालं की कानाला तो लागत नाही. तेव्हा चाचणीला पोरांनाही शेजारी बसव.

आणि आवाज बंद केल्यावर घुंघुंही थांबली, तर मला केबलचाच संशय येतो. सगळी बटणं बंद कर, सेट-टॉप बॉक्सची केबल काढ आणि तिच्याशिवाय टीव्ही पुन्हा चालू कर. घुंघुं गेली? मग टीव्ही निर्दोष आहे. केबलवाल्याच्या वायरीची जाळी बाहेर एका ठिकाणी जमिनीला जोडलेली असते, तुमच्या होम थिएटरची अर्थिंग दुसरीकडे. दोन्हींत थोडा फरक पडला की त्या वाटेने करंट फिरतो आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची घुंघुं स्पीकरमध्ये येते. टीव्ही, बॉक्स, होम थिएटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घे, लाल-पांढऱ्या पिना घट्ट बसव. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

इथे एक गोष्ट मात्र अगदी काळजीने सांगते. कोणीतरी म्हणेल, ‘होम थिएटरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, आवाज जाईल.’ जाईलही. पण ती पिन अर्थिंगची आहे. आत वायर सुटून धातूच्या डब्याला लागली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. ती नसेल तर डब्याला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. तुमच्या पंचवटीच्या जुन्या इमारतीत वायरिंगही जुनं असणार. जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. बॉक्सच्या पत्र्याला किंवा केबलच्या टोकाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर टीव्ही बाजूला ठेव आणि आधी लायसन्सवाला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे. घरमालक कुरकुर करेल, करू दे.

फक्त लाईट गेल्यावरच आवाज येतो का, तेही बघ. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखाही घूं करतो आणि टीव्हीही. आणि चरचर किंवा जळका वास आला, तर बटण लगेच बंद. मागचं झाकण जावईबापूंना उघडू देऊ नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

एवढं सगळं करूनही घुंघुं सेटमधूनच येत असेल, तर आवाजाचा व्हिडिओ करून ठेव, वॉरंटी कार्ड शोध आणि कंपनीच्या सर्व्हिसला फोन कर. दुकानातल्या मेकॅनिककडे दिलास, तर खर्च आधी लिहून घे आणि काढलेला जुना बोर्ड परत माग. बिलावर नव्या बोर्डचा नंबर असू दे, म्हणजे महिन्याभरात पुन्हा आवाज आला तर त्याच्याशी बोलायला आपल्याकडे काहीतरी राहील.