साखर घडविणारे विकर : लुईस लेल्वार यांचे संशोधन

पानात ग्लुकोज व फ्रुक्टोज जोडले जाऊन साखर (सुक्रोज) कशी घडते, हे बराच काळ उलगडले नव्हते. ब्वेनोस आयरेस येथील साधनांची चणचण असलेल्या छोट्या प्रयोगशाळेत लुईस लेल्वार व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये यूडीपी-ग्लुकोज हे संयुग शोधले. तेही पिकात नव्हे, यीस्टमध्ये! न्यूक्लिओटाइडशी बांधलेले हे ग्लुकोज ऊर्जासंपन्न असल्यानेच दुसऱ्या शर्करेस जोडले जाते. १९५५ मध्ये गव्हाच्या गर्भांकुरातील विकरांच्या साहाय्याने त्यांनी परीक्षानळीत सुक्रोजनिर्मिती सिद्ध केली. पुढे स्टार्चसाठी एडीपी-ग्लुकोज अधिक उपयुक्त ठरते, हेही दिसून आले. १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. उसातील शर्करासंचय अभ्यासताना आज मोजले जाणारे सुक्रोज फॉस्फेट सिंथेज हे त्याच गव्हाच्या गर्भांकुरात प्रथम आढळलेले विकर होय.