वाटल्याने वाढते, पण कसे?

'विद्या दिल्याने वाढते' हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचलेले असते. पण ती नेमकी कशी वाढते, हे कोणी सांगत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच जर्नल होस्टेलच्या चाळीस खोल्यांतून फिरते तेव्हा काही वाढत नाही, एकाच चुकीच्या चाळीस प्रती होतात! मग कंपनीतल्या माणसांनी एकमेकांना माहिती दिली की नव्या कल्पना सुचतात म्हणतात, ते कसे? मला पटलेली दोन उदाहरणे सांगतो.

पहिले अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीचे. १९६८ मध्ये तिथला रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर भक्कम डिंक बनवायला गेला आणि झाले भलतेच. डिंक चिकटायचा, पण ओढला की अलगद सुटायचा. त्याचा उपयोग कोणालाच सुचेना. तरी सिल्व्हर गप्प बसला नाही. कंपनीत सेमिनार घेऊन तो वर्षानुवर्षे या डिंकाबद्दल सांगत राहिला. त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गायचा आणि त्याच्या गाण्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या. १९७४ मध्ये त्याला तो डिंक आठवला. १९८० मध्ये पोस्ट-इट नोट्स अमेरिकेच्या बाजारात आल्या.

उत्तर एकाकडे होते आणि प्रश्न दुसऱ्याकडे. 'ज्याला लागेल त्यालाच सांगू' असे सिल्व्हरने ठरवले असते तर? कोणाला लागेल हेच तर त्याला माहीत नव्हते!

दुसरे उदाहरण जपानचे. १९८० च्या दशकात मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासोनिक, घरगुती पाव बनवायचे यंत्र तयार करत होती. पाव बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअरवाली ओसाकातल्या एका नामांकित हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. तो पीठ एका विशिष्ट पद्धतीने ताणतो, हे तिने हेरले. मग इंजिनिअरांच्या मदतीने तेच काम यंत्राकडून करून घेतले. इकुजिरो नोनाका या अभ्यासकाने ही हकीकत १९९१ मध्ये मांडली. त्याचे म्हणणे असे, की बरेचसे ज्ञान हातात असते, कागदावर नसते. ते शेजारी उभे राहूनच घ्यावे लागते.

आता आपल्याकडे बघू. फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट सोनेरी अक्षरांत बाइंड होऊन लायब्ररीत जातात. त्यात सगळे यशच असते. मोटर का जळाली, कोणता सेन्सर दगा देतो, हे कुठेच नसते. मग पुढच्या बॅचची मोटर पुन्हा जळते, आणि नवे काही करायला वेळच उरत नाही. वर्कशॉपमधले मामा लेथच्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचे ओळखतात. ते रिटायर झाले की ते ज्ञानही घरी जाणार.

'आयडिया सांगितली तर कोणीतरी ढापेल' ही भीती खोटी नाही. म्हणून देणाऱ्याचे नाव लावायलाच हवे. पोस्ट-इटच्या गोष्टीत आजही सिल्व्हर आणि फ्राय दोघांचीही नावे घेतली जातात.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक रिपोर्टला 'काय जमले नाही आणि का' असे एक पान जोडावे, खाली नावासकट. आणि महिन्यातून एकदा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सिव्हिल सगळ्यांनी मेसमध्ये बसून आपापले अडलेले प्रश्न मांडावेत. सरांनी आणि मामांनीही यावे. चहाचा खर्च वर्गणीतून काढू.