दुधाशिवाय 'चीज' : जपानी मोचीचे खरे-खोटे

परवा वस्तीतल्या तपासणीला एक ताई मोबाइल घेऊन आली. तिच्या सात वर्षांच्या मुलाला दूध प्यायले की पोट फुगते, जुलाब लागतात. कुणाच्या वाढदिवसाला पिझ्झा आला की पोरगं बाजूला बसतं. मोबाइलवर जपानी तांदळाची वडी चीजसारखी ताणली जाताना दिसत होती. "सिस्टर, हे देऊ का त्याला?"

द्या. पण आधी समजून घ्या.

या वडीचे नाव मोची. (आपल्याकडच्या मोची शब्दाशी त्याचा संबंध नाही.) जपानमध्ये एका खास चिकट तांदळाला वाफवून, कुटून ती करतात आणि नववर्षाला घरोघरी खातात. आपल्या कोलमसारख्या तांदळातल्या स्टार्चचा एक भाग दाणा मोकळा ठेवतो. चिकट तांदळात तो जवळजवळ नसतोच, म्हणून कुटल्यावर लवचीक गोळा होतो. आपला इंद्रायणी चिकटतो, पण असा ताणला जात नाही. आसामचा बोरा तांदूळ मात्र याच जातकुळीतला.

पाकिटातली सुकी वडी साधारण ५० ग्रॅमची आणि दगडासारखी कडक असते. ती किसा किंवा पातळ चकत्या करा. तव्यावर पाव किंवा भाजी ठेवून वर पसरा, चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होऊ द्या. जपानी लोक कोबीच्या धिरड्यातही, ओकोनोमियाकीत, ती घालतात. वडीला स्वतःची चव नाही, चीजचा खारटपणा नाही. मीठ, लसूण, मिरची तुम्हीच घालायची. गरम असतानाच खा, गार झाली की पुन्हा घट्ट होते.

आता माझी खरी काळजी. १०० ग्रॅम चीजमध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. तेवढ्याच मोचीत प्रथिने जेमतेम ४ ग्रॅम, कॅल्शियम नावाला. म्हणजे हा भातच आहे, वेगळ्या रूपात. दोन वड्यांत वाटीभर भाताइतकी ऊर्जा असते, मधुमेह असणाऱ्यांनी तेवढा भात कमी करावा. मुलाच्या हाडांसाठी नाचणी, तीळ, राजगिरा, काटेरी छोटी मासळी लागेलच. शिवाय वडी बाहेरून येते, महाग पडते. रोजची नव्हेच, हौसेची.

नुसते दूध पचत नसेल तर बऱ्याच मुलांना थोडे दही चालते. पण दुधाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल, तर ती अ‍ॅलर्जी आहे. मग दहीही नको, डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट पाकिटावरच्या चित्रात दिसत नाही. जपानमध्ये दर नववर्षाला मोची घशात अडकून माणसे दगावतात, बहुतेक म्हातारी. टोकियोचे अग्निशमन दल दरवर्षी तसा इशारा देते. म्हणून लहान मुलांना आणि दात नसलेल्या आजी-आजोबांना ही देऊच नका. इतरांनी नखाएवढे तुकडे करून, नीट चावून, पाण्याच्या घोटाबरोबर खावे.

अडकलेच आणि माणूस खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा मारा. तरी सुटले नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे ५ झटके द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके देऊ नयेत. आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. न दिसणाऱ्या तुकड्यासाठी तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो.